पाइपाची तलवार आणि गदका : वस्तादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

वस्ताद, नमस्कार.

पीव्हीसी पाइपावर फोम चढवून सरावाची तलवार कशी करावी, यावरचा माझा लेख वाचून ‘फोमची तलवार म्हणजे पोरखेळ. हात ढिला पडतो. आणि पाइप मोडून कुणाच्या डोळ्यात गेला तर जबाबदार कोण?’ असं तुम्ही विचारलंत. वर्षानुवर्षं मर्दानी खेळ शिकवणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे, तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही.

पाइपाबद्दल तुमचं बरोबर आहे. ‘घरात उरलेला कुठलाही पीव्हीसी पाइप चालेल’ हे माझं वाक्य चुकीचं होतं, ते मी लेखातून काढलं. गच्चीवर दोन उन्हाळे पडून असलेल्या तुकड्याची मी एक तलवार केली होती. पोत्यावर मारून बघताना तिसऱ्याच वाराला ती मुठीच्या वर काडकन मोडली. मोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं, तर फुटक्या काचेसारखी धार! उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतो, हे माहीत असून मी आळस केला. आता नवा, जाड पाइपच घेतो आणि दर सरावाआधी मुठीवरची टेप सोडून बघतो. राखाडी पाइपावर पांढुरकी रेघ दिसली की तो भंगारात.

डोळ्याची भीती मलाही आहे. म्हणून पाइपाच्या तोंडाला बूच, त्यापुढे चार बोटं नुसता फोम, आणि टोक डोळ्याच्या खोबणीत शिरणार नाही इतकं रुंद. अंगठ्याने टोक जोरात दाबायचं. आतली कड लागली तर ती तलवार बाद. एसीच्या नळीवर चढवतात तो काळा फोम चांगला, पण त्यावर टेप ताणून गुंडाळली की फोम दबतो आणि दगड होतो. टेप उभी, सैल लावावी. मग पहिला पूर्ण ताकदीचा वार स्वतःच्या मांडीवर. काळंनिळं झालं तर ती मुलांच्या हातात जात नाही.

हात ढिला पडतो, हे मात्र मला पटत नाही. गदका, म्हणजे तलवारीच्या सरावाची चामडं मढवलेली काठी, हातात असला की समोरच्याला लागेल म्हणून मुलं वार अर्ध्यात रोखतात. फोमने वार पुरा जातो, अंतर खरं कळतं. जुन्या रोमन सैन्यात नवशिक्यांना दुप्पट वजनाची लाकडी तलवार देत, पण ती जमिनीत रोवलेल्या खांबावर चालवायला. वजनाचा सराव तसाच वेगळा करावा.

फोमचा खरा दोष वेगळाच आहे. लागत नाही म्हणून मुलं बचाव सोडून नुसती घुसतात. त्यासाठी आमचा नियम : दोघांनाही लागलं तर दोघेही बाद. आणि गोल पाइपाला धारेची बाजू कळत नाही, म्हणून मुठीवर बांबूची कामटी बांधून ती चपटी करतो. डोळे मिटूनही धार कुठे आहे ते तळव्याला समजतं.

तुमचा चामड्याने मढवलेला गदका मला शिकायचाच आहे. चामडं ओलं असताना चढवता की सुकं? आणि शिवण कुठल्या बाजूला घेता? तेवढं सांगाल का?