‘काच तीच, मग भाडं एवढं का?’ : लीज्ड लाईनवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

डॉक्टर, सीए, लघुउद्योजक यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हापुन्हा येतो. मथितार्थ असा: लीज्ड लाईन, म्हणजे एकट्या ग्राहकासाठी राखून ठेवलेलं भाड्याचं इंटरनेट कनेक्शन, ही शुद्ध लूट आहे. घरच्या फायबरवर महिना चार हजारांच्या आसपास १ जीबीपीएस मिळतं आणि ऑफिसला ५० एमबीपीएससाठी त्याच्या कितीतरी पट भाडं मागतात. काच तीच, प्रकाश तोच. तेव्हा दोन कंपन्यांची दोन ब्रॉडबँड घ्या, एका राऊटरला जोडा आणि निर्धास्त राहा. स्थिर आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) ब्रॉडबँडवरही मिळतो, आणि बंद काय, लीज्ड लाईनही पडतेच.

हे वाचणाऱ्या बहुतेकांना लीज्ड लाईनची गरज नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे सल्ला अनेकांना चालून जाईल. पण त्यामागची कारणं कच्ची आहेत, आणि ज्या थोड्यांना खरोखर गरज असते ते याच कारणांवर विसंबून अडकतात.

‘काच तीच आहे’

आहेच. फरक काचेत नाही, त्या काचेवर किती बिऱ्हाडं आहेत यात आहे. आपल्याकडचं घरगुती फायबर बहुतांशी जीपॉन पद्धतीचं असतं. कंपनीच्या केंद्रातल्या यंत्रातून, म्हणजे ओएलटीतून, एक तंतू निघतो आणि वाटेत स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. या पद्धतीत खाली येणारी (डाउनलोडची) एकूण क्षमता साधारण २.५ जीबीपीएस आणि वर जाणारी (अपलोडची) १.२५ जीबीपीएस. ती सगळ्यांत मिळून. ३२ घरांनी एकाच वेळी नळ पूर्ण सोडला तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात खाली ७८ आणि वर ३९ एमबीपीएस. ६४ घरं असतील तर त्याच्या निम्मे. तरीही तुमच्या स्पीड टेस्टला ९००चा आकडा दिसतो, कारण सगळे एकाच क्षणी वापरत नाहीत. यात फसवणूक नाही. स्वस्त ब्रॉडबँडचं सगळं गणितच या वाटणीवर उभं आहे. दूरसंचार नियामक ट्रायने २००९ सालच्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती ब्रॉडबँडसाठी १:५० (एकाची क्षमता जास्तीत जास्त पन्नास जणांत) आणि व्यावसायिकासाठी १:३० अशी वाटणीची मर्यादा सांगितली होती. म्हणजे वाटणी गृहीतच धरलेली आहे.

लीज्ड लाईनचं प्रमाण १:१. ५० घेतले तर खाली ५०, वर ५०, रात्री नऊ वाजता आणि क्रिकेटचा सामना चालू असतानाही ५०. अर्थात हे कंपनीच्या गेटवेपर्यंतच, म्हणजे तिचं जाळं बाहेरच्या इंटरनेटला मिळतं त्या दारापर्यंत. त्यापुढे अख्खं इंटरनेट आहे आणि त्याची हमी कोणी देत नाही.

इथे विकणाऱ्यांनाही एक चिमटा काढायला हवा. काही ठिकाणी ‘लीज्ड लाईन’ म्हणून जे देतात ते त्याच जीपॉनवर तुमच्यासाठी थोडी जागा राखून ठेवलेलं असतं. काही ठिकाणी फायबर नसतोच, गच्चीवर रेडिओची डिश बसवतात. राखीव जागा नीट राखली तर जीपॉनवरही काम होतं, पण भाडं ठरवताना काय मिळतंय ते माहीत असलेलं बरं.

‘१ जीबीपीएस हे ५०पेक्षा वीसपट जास्त’

खाली उतरवण्यापुरतं, हो. व्यवसाय अडतो तो वर पाठवताना, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही.

जिल्ह्याच्या गावातलं एखादं सीटी स्कॅन सेंटर घ्या. रेडिओलॉजिस्ट पुण्यात किंवा मुंबईत बसून रिपोर्ट देतात. एका स्कॅनचा डेटा सहज ५०० एमबी होतो, बारीक काप घेतले तर त्याहून जास्त. अपलोड खरोखर २० एमबीपीएस मिळत असेल तर ५०० एमबी साडेतीन मिनिटांच्या आत जातात. कागदावर ठीक. पण दुपारी ओळीने आठ पेशंट झाले, त्यातला एक अपघाताचा, शिवाय १६ कॅमेऱ्यांचं चित्रण क्लाउडवर चाललंय (प्रत्येकी २ एमबीपीएस धरले तरी ३२ झाले), की रांग लागते. अपलोड तुंबला की खाली येणारा वेगही मंदावतो, कारण आलेल्या डेटाच्या पुडक्यांची पोच वरच्याच वाटेने परत जायची असते. मग फोन तुटक येतो, व्हिडिओ कॉल गोठतो, आणि स्टाफ म्हणतो, ‘नेट स्लो आहे, पण स्पीड टेस्ट तर चांगली येते.’ चांगली येणारच. टेस्टचा सर्व्हर अनेकदा त्याच कंपनीच्या जाळ्यात असतो आणि टेस्ट दुपारच्या गर्दीत कोणी करत नाही.

आता काही घरगुती प्लॅनमध्येही वर-खाली सारखाच वेग देतात आणि तो प्रत्यक्ष मिळतोही, हे खरं आहे. फक्त तो ‘पर्यंत’चा वेग आहे. संध्याकाळी खाली आला म्हणून तक्रार केलीत तर करारात बोट ठेवायला जागा नाही. आणि ‘अनलिमिटेड’ प्लॅनच्या खालच्या ओळीतली महिना ३.३ टीबीची मर्यादा क्लाउडवर चोवीस तास कॅमेरे चढवणाऱ्याला अशक्य नाही: ३२ एमबीपीएस सलग महिनाभर म्हणजे सुमारे १० टीबी.

उलट बाजूचा भ्रमही मोडून ठेवतो. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं पोर्टल रांगत असेल तर लीज्ड लाईनने ते पळणार नाही. तिथे गर्दी पलीकडच्या दाराशी असते. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंतचं अंतरही भाडं वाढवून कमी होत नाही. पण होतं असं सांगून लाईन विकणारे मी पाहिलेत.

‘दोन कंपन्यांची दोन ब्रॉडबँड घ्या’

मेसेजमधला सगळ्यात पटणारा आणि सगळ्यात धोकादायक मुद्दा हा. दोन बिलं म्हणजे दोन वाटा नव्हेत. तुमच्या इमारतीपर्यंत येणाऱ्या दोन्ही वायरी बहुतेक वेळा त्याच खांबावरून, त्याच झाडाच्या फांदीवरून, नाहीतर त्याच चेंबरमधून येतात. कधीकधी दोन्ही कंपन्यांचं गल्लीतलं काम एकच स्थानिक केबलवाला बघतो. रस्ता काँक्रीटचा करायला जेसीबी उतरला की त्याला कंपन्यांची नावं वाचता येत नाहीत. गणपतीच्या मिरवणुकीआधी उंच मूर्तीच्या वाटेतल्या लोंबत्या वायरी काढतात तेव्हाही सगळ्या एकत्रच निघतात.

दुसरी अडचण राऊटरच्या आतली. एक लाईन पडली की दुसरीवर जाणं आपोआप होतं, पण बाहेरून दिसणारा तुमचा आयपी बदलतो. चालू व्हीपीएन (ऑफिसच्या जाळ्याशी जोडणारी सुरक्षित वाट) तुटतो, इंटरनेटवरचा फोन कॉल पडतो, बँकेचं लॉगिन बाहेर फेकतं. दोन्ही लाईनी एकाच वेळी वापरायला लावल्या तर काही साइट्स दर दोन मिनिटांनी पुन्हा ओटीपी मागतात. आणि १०० अधिक १०० म्हणजे एका फाईलला २०० मिळतात असंही नाही. एक जोडणी एकाच वाटेने जाते.

तरी हा सल्ला टाकून देण्यासारखा नाही, थोडा दुरुस्त करण्यासारखा आहे. दुसरी वाट हवेतून येऊ द्या. २०२३पासून ५जीवर चालणारं एअरफायबर आलंय. त्याचा अँटेना गच्चीवर असतो, गल्ली कितीही खणली तरी त्याला फरक पडत नाही. छोट्या ऑफिसला, दुकानाला, दवाखान्याला एक फायबर आणि एक एअरफायबर ही जोडी मी बिनधास्त सुचवतो. सोबत ओएनटीला (फायबर जिथे येऊन जोडतो ती डबी) आणि राऊटरला छोटा यूपीएस लावा, कारण लाईट गेली की दोन्ही कनेक्शनं ठीक असूनही तुम्ही अंधारातच.

‘स्थिर आयपी ब्रॉडबँडवरही मिळतो’

मिळतो, जादा पैसे भरून, आणि मागितला तर. नाहीतर तुम्ही सीजीनॅटच्या मागे असता: शेकडो ग्राहकांचा मिळून बाहेर एकच आयपी. त्यामुळे घरून ऑफिसच्या टॅलीला जोडायचं म्हटलं तर थेट वाट सापडत नाही. एक स्थिर आयपी पुरत असेल तर एवढ्यासाठी लीज्ड लाईन घेऊ नका. मेल सर्व्हर, व्हीपीएन, फोन यंत्रणा असं सगळं स्वतःकडेच चालवत असाल तर लीज्ड लाईनसोबत बहुधा /२९चा, म्हणजे आठ आयपी पत्त्यांचा संच मिळतो, त्यात वापरायला पाच पत्ते उरतात. मुद्दा संपला.

‘बंद तर लीज्ड लाईनही पडतेच’

पडते. जेसीबीला तीही दिसत नाही. पैसे न पडण्याचे नसतात, पडल्यावर कोण, किती वेळात येतो याचे असतात. ९९.५ टक्के चालू राहण्याची हमी म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ३ तास ३६ मिनिटं बंद राहिली तरी करार मोडत नाही, ९९.९ असेल तर ४३ मिनिटं. त्यातही ‘नियोजित देखभाल’ आणि ‘ग्राहकाकडची वीज’ वगळलेली असते. भरपाई मिळते ती भाड्यातल्या सवलतीची. बुडालेल्या धंद्याची कोणी देत नाही. म्हणून हमीच्या टक्क्यांपेक्षा दुरुस्तीची मुदत तासांत लिहून घेणं मला जास्त मोलाचं वाटतं, आणि ती रविवारी, दिवाळीतही लागू आहे का हे विचारणं त्याहून मोलाचं.

मग घ्यावी कोणी? ज्यांच्या लाईनवर दुसऱ्यांचं काम थांबतं त्यांनी: रुग्णालय, स्कॅन सेंटर, रात्रपाळीचं कॉल सेंटर, ज्याच्या एका सर्व्हरवर सगळ्या शाखांचं बिलिंग चालतं तो कारखाना. एक तास बंद राहिल्यावर किती रुपये जातात हा आकडा काढा आणि भाड्याशेजारी ठेवा. आकडा छोटा आला तर विषय सोडून द्या.

घ्यायचंच ठरलं तर पहिल्याच फेरीत तीन वर्षांच्या लॉक-इनवर (मधे सोडता न येणाऱ्या मुदतीवर) सही नको. एका वर्षाचा दर वेगळा मागा आणि जोडणीचा एकरकमी खर्च भाड्यापासून वेगळा लिहून घ्या. फिजिबिलिटी, म्हणजे लाईन तुमच्यापर्यंत आणता येते का, ते बघायला माणूस येईल तेव्हा त्याच्यासोबत गच्चीपर्यंत आणि रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत चालत जा. वायर कुठून येणार, आधीच्या कनेक्शनच्या वायरीला ती कुठे जाऊन मिळते, हे डोळ्यांनी बघून घ्या. सही त्यानंतर.