पतंगाचा पाय आणि अर्धवट फॉरवर्ड

बेळगाव, खानापूर, चंदगडकडच्या निसर्गप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गेले काही दिवस एक लांबलचक मजकूर फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: डीएनए बारकोडिंग आलंय, फुलपाखराचा किंवा पतंगाचा एक पाय प्रयोगशाळेत दिला की जातीचं नाव हातात पडतं. त्यामुळं जाळी, टाचण्या, संग्रहालयं आणि तज्ज्ञ यांचे दिवस संपले. डीएनए चुकत नाही. परदेशात त्यानं एका फुलपाखराच्या दहा जाती करून दाखवल्या, भीमगडच्या जंगलातही तसंच होईल. एका पावसाळ्यात यादी पुरी, आणि यादी बघून जंगलाची तब्येतही सांगता येईल. शेवटी आवाहन आहे की मुलांनी पाय गोळा करावेत आणि पाकिटात घालून परदेशातल्या प्रयोगशाळेकडं पाठवावेत.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असावा. बारकोडिंग मलाही फार उपयोगी वाटतं, म्हणूनच त्याच्या नावावर जे खपवलं जातंय ते एकेक करून बघू.

पाय दिला की नाव मिळतं, इथपासून सुरुवात. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातले पॉल हेबर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी 2003 मध्ये ही कल्पना मांडली. प्राण्याच्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये सीओआय नावाचं एक जनुक असतं. त्यातला डीएनएच्या साधारण 658 अक्षरांचा ठरावीक तुकडा वाचायचा आणि आधी वाचून ठेवलेल्या तुकड्यांशी ताडून बघायचा, एवढीच पद्धत. नमुना म्हणून एक पाय पुरतो हे खरंच आहे. पण यंत्र सांगतं ते एवढंच, की हा तुकडा साठ्यातल्या अमुक नोंदीशी इतका जुळतो. दुकानातलं स्कॅनर मालाचं नाव दाखवतं, कारण कुणीतरी तो माल आधी कॉम्प्युटरमध्ये चढवलेला असतो. इथंही तसंच. भारतात पतंगांच्या ज्ञात जातीच दहा हजारांच्या वर आहेत, आणि त्या सगळ्यांचे बारकोड साठ्यात नाहीत. कणकुंबीच्या जंगलातला एखादा बारका तपकिरी पतंग साठ्यातल्या कशाशीच जुळला नाही, तर त्याला एक क्रमांक मिळतो. क्रमांकही कामाचा असतो, नाही असं नाही. पण तो पतंग विज्ञानाला नवा आहे, की शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेला आणि अजून कुणी बारकोड न केलेला आहे, हे त्या क्रमांकावरून कळत नाही.

ते कळायला तज्ज्ञच लागतो. जॉर्ज हॅम्पसन यांनी 1892 ते 1896 या काळात भारतातल्या पतंगांवर चार खंड लिहिले. आजही अनोळखी पतंग पुढ्यात आला की जाणकार तिथवर मागं जातात. प्राण्याच्या जातीचं नाव एका विशिष्ट नमुन्याला बांधलेलं असतं, आणि असे किती तरी जुने भारतीय नमुने लंडनच्या संग्रहालयात आहेत. 2000 सालापासून तर नियमच आहे, की नव्या जातीला नाव देताना असा नमुना स्पष्टपणे ठरवून दिल्याशिवाय ते नाव ग्राह्य धरलं जात नाही. म्हणजे टाचणी सुटत नाही.

या फॉरवर्डमधला सगळ्यात घातक भाग मला तरी हाच वाटतो. पाय काढून घ्यायचा आणि बाकीचा पतंग फेकून द्यायचा, अशी सवय मुलांना लागली की संपलंच. प्रयोगशाळेत नमुन्यांची अदलाबदल होते, दुसऱ्याच किड्याचा डीएनए मिसळतो, साठ्यातली नोंदच चुकीच्या नावानं चढलेली असते. अशा वेळी परत जाऊन पंख, मिशा, जननेंद्रियं तपासायची म्हटली तर तपासणार काय? तारीख, ठिकाण, उंची आणि झाडाचं नाव लिहिलेली चिठ्ठी आणि तिच्यासोबत जपलेलं शरीर, हे असेल तरच त्या पायाला किंमत आहे.

आता एका फुलपाखराच्या दहा जाती. हे उदाहरण खरं आहे, फक्त त्याचा निम्मा भाग कापून पुढं पाठवलाय. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकामध्ये अ‍ॅस्ट्राप्टेस फुल्गरेटर हे स्किपर कुळातलं फुलपाखरू आहे. त्याचं वर्णन 1775 मध्येच झालं होतं. ही एकच जात नसून त्या भागात निदान दहा जाती आहेत, असा निष्कर्ष 2004 मध्ये हेबर्ट, डॅनिएल जॅन्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. बारकोडनं मदत केली, हो. पण तिथं त्याआधी 25 वर्षं अळ्या पाळून नोंदी ठेवण्याचं काम चाललं होतं: कुठली अळी कुठल्या झाडाची पानं खाते, तिच्या अंगावरचे रंग कसे असतात, त्यातून काय बाहेर पडतं. मोठी झालेली फुलपाखरं जवळपास सारखी दिसायची, अळ्या मात्र बहुतेक वेगळ्या आणि त्यांची झाडंही बहुतेक वेगळी. बारकोडमधले फरक या नोंदींशी जुळले, म्हणून ते पटले. आणि गोष्ट तिथंही संपली नाही. 2006 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासकानं तीच माहिती पुन्हा तपासली आणि निदान तीन, फार तर सात गटांनाच आधार मिळतो असं लिहिलं. फॉरवर्डमध्ये यातलं अवाक्षर नाही.

हे वाचताना मला आपल्या शेजारचं कारवार आठवतं. टी. आर. बेल हे वनखात्यातले अधिकारी. उत्तर कन्नड तेव्हा बेळगावसारखंच मुंबई इलाख्यात होतं. डेव्हिडसन आणि एटकेन या दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर लिहिलं, आणि पुढं स्कॉट यांच्याबरोबर हॉक मॉथ या पतंगांवर एक आख्खा खंड, तो 1937 साली आला. अळ्या पाळणं हा या कामाचा कणा होता. बेल निवृत्तीनंतर कारवारातच राहिले आणि 1948 मध्ये तिथंच वारले. कोस्टा रिकाचे दाखले देणाऱ्यांना हाकेच्या अंतरावरचा हा माणूस माहीत नसावा, याचं वाईट वाटतं.

बारकोडिंगची खरी ताकद याच कामात दिसते. जांबोटीच्या रानात ऐनाच्या पानावर अळी सापडली, घरी आणली, आणि चार दिवसांत तिच्यातून पतंगाऐवजी परजीवी गांधीलमाशीची पिल्लं बाहेर पडली, असं पाळणाऱ्यांच्या बाबतीत हमखास घडतं. बेल यांच्या काळात ती नोंद तिथंच खुंटायची. आता मेलेल्या अळीचा तुकडा आणि गांधीलमाशी, दोन्हींचे बारकोड काढता येतात. कोण कुणाला खातं हे कळतं, आणि वर ऐनाचं नाव आपल्या चिठ्ठीवर असतंच. नर आणि मादी इतके वेगळे दिसतात की दोन जाती समजल्या गेल्या, असे गुंतेही यानं सुटतात. पण प्रत्येक वेळी अळी कुठल्या झाडावर होती हे कुणीतरी बघितलेलं असावं लागतं, आणि झाडं ओळखण्यात आपल्या भागातल्या गवळी-धनगरांचा हात धरणारा प्रयोगशाळेत बसत नाही.

डीएनए चुकत नाही, हे तर अगदीच भाबडं आहे. अक्षरं बरोबर वाचली तरी त्यांचा अर्थ चुकू शकतो. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, म्हणजे बारकोड ही आईच्या वंशाची एक छोटी नोंद. दोन जातींत कधीकाळी संकर झाला असेल, तर एकीचा बारकोड दुसरीत जाऊन बसू शकतो. त्यात वोल्बाकिया नावाचा एक जिवाणू कीटकांमध्ये फार पसरलेला आहे. तोही आईकडून अंड्यातून पुढं जातो, आणि तो फैलावला की त्याच्याबरोबर ठरावीक मायटोकॉन्ड्रियाही फैलावतात. खानापूर रस्त्याच्या कडेला ओल्या मातीवर पिवळी फुलपाखरं घोळक्यानं बसतात, त्यात कॉमन ग्रास यलो, म्हणजे युरेमा हेकाबे, असतंच. जपानमध्ये या नावाखाली दोन जाती मिसळलेल्या होत्या. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएनं जी विभागणी दाखवली ती जातींप्रमाणं नव्हतीच, वोल्बाकियाच्या लागणीप्रमाणं होती. पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांनी मात्र दोन्ही जाती नीट वेगळ्या दाखवल्या. नुसत्या बारकोडवर विसंबलं असतं तर उत्तर चुकलं असतं, तेही डीएनएच्या शिक्क्यासकट.

दोन टक्के फरक दिसला की नवी जात, असंही एक वाक्य त्या फॉरवर्डमध्ये आहे. 658 अक्षरांत दोन टक्के म्हणजे 13 अक्षरं. हा अंदाज चाळणी लावायला ठीक आहे. काही खऱ्या जाती त्याहून कमी फरकानं वेगळ्या असतात, आणि काही वेळा एकाच जातीत त्याहून जास्त फरक सापडतो.

एका पावसाळ्यात यादी? ज्यानं कणकुंबीचा जुलै बघितलाय तो असं म्हणणार नाही. पांढरा पडदा आणि दिवा लावून बसलं तरी वाऱ्यापावसात पतंग येत नाहीत, चांदण्या रात्री कमी येतात, काही जाती उजेडाकडं फिरकतच नाहीत, आणि काही वर्षातून थोडेच आठवडे उडतात. फुलपाखरांसाठी तर दिवसाच हिंडायला हवं.

जंगलाच्या तब्येतीचं एवढंच सांगतो. नुसती यादी आज आणि दहा वर्षांनी सारखीच दिसू शकते, आणि मधल्या काळात संख्या घटलेली असू शकते. सापळ्यातले किडे एकत्र करून त्यांचा डीएनए एकदम वाचण्याची पद्धत आता आहे, पण तीही कोणत्या जाती आहेत ते सांगते, किती आहेत ते भरवशानं सांगत नाही. शिवाय त्या मिश्रणात पतंगांच्या पंखांवरचे खवले गळून जातात, म्हणजे नंतर डोळ्यांनी तपासायची वाटही बंद. एकाच जागी, एकाच पद्धतीनं, वर्षानुवर्षं मोजणं याला पर्याय नाही.

आणि ते पाकीट. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय फुलपाखरू पकडणं हा गुन्हा आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीतल्या फुलपाखरांना तर अभयारण्याबाहेरही संरक्षण आहे. भारतातला जैविक नमुना संशोधनासाठी परदेशी पाठवणं 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कक्षेत येतं. हे लोढणं कुणाला नको असेल तर घरच्या कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मनच्या अळ्या मिळतात. त्या पाळा, रोज फोटो काढा, तारखा लिहा. त्याला ना पाय लागतो ना पाकीट.