अन्य भाषा बोलता येत नाहीत, म्हणजे पवित्र आत्मा मिळाला नाही काय?

ईस्टरनंतरचे सात आठवडे सरत आले, की मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्यातील शब्द थोडेफार बदलतात, दावे मात्र तेच असतात. पेंटेकॉस्ट, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा दिवस, हा केवळ ख्रिस्ती मंडळीचा सण असून यहुद्यांच्या सणांशी त्याचा संबंध नाही. पवित्र आत्मा त्या दिवशी प्रथमच पृथ्वीवर आला. शिष्य त्या वेळी कोणाही माणसाला न समजणारी स्वर्गीय भाषा बोलले. म्हणून जो अन्य भाषा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेली भाषा, बोलत नाही, त्याला पवित्र आत्मा मिळालेलाच नाही. आणि पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशन या आश्रमात 1905 साली हेच सिद्ध झाले. हे पाच दावे सारख्या वजनाचे नाहीत. पहिले दोन अज्ञानातून आलेले आहेत, तिसऱ्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे आणि चौथा माणसांना दुखावणारा आहे. पाचवा दावा इतिहासाला धरून नाही.

पहिल्या दाव्याचे उत्तर पेंटेकॉस्ट या शब्दातच आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पन्नासावा, आणि ही मोजणी बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात सांगितली आहे. वल्हांडण या यहुदी सणाच्या सुमारास नव्या पिकाची पहिली पेंढी अर्पण करायची, तेथून सात आठवडे मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी नव्या धान्याच्या, खमीर घातलेल्या दोन भाकरी परमेश्वरापुढे आणायच्या, असा हा कापणीचा सण आहे. यहुदी लोक त्याला आजही शावुओत, म्हणजे सप्ताहांचा सण म्हणतात. हा सण नसता, तर पार्थी, मेदी, एलामी, मिसरी, रोमी, क्रेतीय आणि अरब असे दूरदूरचे लोक एकाच सकाळी यरुशलेमेत कशाला जमले असते? लूकने लिहिलेल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील त्या घटनेची सारी मांडणी या गर्दीवरच उभी आहे.

दुसऱ्या दाव्यात थोडे तथ्य आहे, ते मान्य केले पाहिजे. येशूचे गौरव होईपर्यंत आत्मा देण्यात आलेला नव्हता, असे योहानाच्या सातव्या अध्यायात म्हटले आहे. परंतु म्हणून आत्मा तोवर जगात नव्हता, असे ठरत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्याच वचनात देवाचा आत्मा जलांवर आहे. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो बसालेल ना संदेष्टा होता ना याजक. तो सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड घडवणारा कारागीर होता, हे आपल्या प्रवचनांतून क्वचितच ऐकायला मिळते. लूकच्या पहिल्याच अध्यायात अलीशिबा आणि जखऱ्या पवित्र आत्म्याने भरले जातात, आणि योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांवर फुंकर घालून त्यांना आत्मा घ्या म्हणतो. मग पेंटेकॉस्टला नवे काय घडले? ते शिष्यांपैकी पेत्राने योएल संदेष्ट्याचा आधार घेऊन स्वतःच सांगितले आहे: पुत्र आणि कन्या, तरुण आणि वृद्ध, दास आणि दासी, अशा सर्वांवर आत्म्याचा वर्षाव होईल. पूर्वी निवडक माणसांना विशिष्ट कामासाठी मिळणारे दान आता दासीलाही मिळू लागले, ही त्या दिवसाची नवलाई आहे.

तिसऱ्या दाव्यासाठी मूळ वृत्तांत सावकाश वाचावा लागतो. सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद झाला, अग्नीच्या जिभांसारखे काही दिसले आणि ते एकेकावर येऊन बसले. येथे जिभा आणि पुढच्याच वचनात भाषा, असे जे दोन शब्द मराठीत येतात, ते ग्रीकमध्ये एकाच ‘ग्लोस्सा’ या शब्दाचे आहेत. जी जीभ अग्नीची दिसली, तीच बोलू लागली, हा मुळातील दुवा भाषांतरात निसटतो. नंतर जमाव गोंधळून जातो, तो काहीच न कळल्यामुळे नव्हे, तर प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत ऐकू आल्यामुळे. बोलणारे गालीलकर असूनही आपल्या गावची बोली कशी बोलतात, हे ऐकणाऱ्यांचे आश्चर्य आहे. काहींनी त्यांना नवा द्राक्षारस चढल्याची थट्टा केली, तेव्हा अजून दिवसाचा तिसराच तास, म्हणजे सकाळचे नऊच वाजले आहेत, असे पेत्राने त्यांना सुनावले. कोणाला न समजणारे बोलणे नव्या करारात आहेच. पण ते करिंथ येथील मंडळीच्या संदर्भात, प्रेषित पौलाच्या तेथल्या लोकांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे. तेथे पौल अन्य भाषा बोलण्यास मनाई करू नका म्हणतो, आणि त्याचबरोबर दोघांनी किंवा फार तर तिघांनी पाळीपाळीने बोलावे, अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावे, अशी शिस्तही घालून देतो. मंडळीत अन्य भाषेतील दहा हजार शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द त्याला अधिक मोलाचे वाटतात. करिंथचा प्रसंग उचलून यरुशलेमेत नेऊन ठेवला, की संदेशातील ‘स्वर्गीय भाषा’ तयार होते.

आता चौथा दावा. त्याचा परिणाम मी जवळून पाहिला आहे. एका प्रार्थनासभेत दहावी नुकतीच पार केलेली एक मुलगी गुडघे टेकून बसली होती आणि तिच्या डोक्यावर हात ठेवलेला सभाचालक तिला एकच शब्द भराभर, न थांबता म्हणायला सांगत होता, म्हणजे पुढची भाषा आपोआप सुटेल. वीस मिनिटांनी तिच्या तोंडून रडण्याखेरीज काही बाहेर पडले नाही. मुलीच्या जीवनात काही पाप लपलेले असावे, असे तिच्या आईला मागाहून सांगण्यात आले. या निष्कर्षाला शास्त्राचा आधार आहे काय, एवढाच प्रश्न मी येथे विचारतो आहे.

प्रेषितांच्या कृत्यांत आत्मा मिळाल्यावर लोक अन्य भाषा बोलले, असा स्पष्ट उल्लेख तीन ठिकाणी आहे: यरुशलेमेत, कैसरीयातील रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरी आणि इफिस येथे सुमारे बारा जणांच्या बाबतीत. पेंटेकॉस्टच्याच दिवशी सुमारे तीन हजार लोकांचा बाप्तिस्मा झाला आणि पेत्राने त्यांना पवित्र आत्म्याचे दान मिळेल असे वचन दिले होते. ते तीन हजार अन्य भाषा बोलल्याचा एक शब्दही लूक लिहीत नाही. ते प्रेषितांच्या शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत तत्पर राहिले आणि गरजवंतांसाठी त्यांनी आपली मालमत्ता विकली, असे मात्र तो आवर्जून सांगतो. चौथ्या अध्यायात जागा हादरते, सर्व जण आत्म्याने भरतात, आणि त्याचे फळ म्हणून ते धैर्याने वचन बोलू लागतात. फिलिप्पै येथील तुरुंगाधिकारी बाप्तिस्मा घेतो, कैद्यांच्या जखमा धुतो, घरी जेवू घालतो आणि आनंद करतो. आठव्या अध्यायात शोमरोनी लोकांना आत्मा मिळाला, तेव्हा जादूगार शिमोनाने ‘काहीतरी’ पाहिले असणारच, असे उत्तर हमखास दिले जाते. पाहिले असेलही, पण ते काय होते, हे लूकने लिहिलेले नाही, आणि जे लिहिलेले नाही त्यावर कोणाचे तारण तोलता येत नाही.

शिवाय पौलाने हा प्रश्न सरळच विचारला आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या अखेरीस सर्वच प्रेषित आहेत काय, सर्वच रोग बरे करतात काय, सर्वच अन्य भाषा बोलतात काय, असे तो विचारतो, आणि ग्रीकमधील त्या प्रश्नाची घडणच ‘नाही’ हे उत्तर गृहीत धरणारी आहे. त्याच अध्यायाच्या आरंभी, येशू प्रभू आहे हे पवित्र आत्म्यावाचून कोणाला म्हणताच येत नाही, असेही तो सांगतो. ज्याला ख्रिस्ताचा आत्मा नाही तो ख्रिस्ताचा नाही, हे रोमकरांस पत्रातील वाक्य या दाव्याशेजारी ठेवून पाहावे: अन्य भाषा न बोलणारे सगळे आत्म्याविना असतील, तर वसईच्या चर्चमध्ये दृढीकरणाचा संस्कार घेतलेल्या आजीबाईंपासून अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यात आयुष्यभर भजने गाणाऱ्या सेवकापर्यंत सगळ्यांना ख्रिस्ताबाहेर काढावे लागेल.

येथे एक गंमत अशी, की आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांचे मूळ मतही संदेशाइतके टोकाचे नाही. अन्य भाषा हा पुरावा मानण्याची शिकवण अमेरिकेतील टोपेका येथे चार्ल्स पारहॅम यांच्या बायबलशाळेत 1901 साली पुढे आली आणि 1906 पासून लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील प्रार्थनासभांतून जगभर गेली. असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल पंथाच्या 1916 च्या विश्वासपत्रकातही अन्य भाषा या आत्म्याच्या बाप्तिस्म्याची आरंभीची खूण मानल्या आहेत, तारणाची अट नव्हे. ज्यांच्या नावाने हा संदेश फिरतो, त्यांचेही शिक्षण त्यात नीट उतरलेले नाही.

राहिले मुक्ती मिशन. केडगावच्या त्या आश्रमात 1905 च्या जून महिन्यात आध्यात्मिक जागृती झाली, हे खरे आहे आणि तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. ती अझुसा स्ट्रीटच्या आधीची आहे. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्राम्स यांनी नोंदवलेला एक प्रसंग आजही वाचताना डोळ्यांसमोर उभा राहतो. पहाटेच्या वेळी एका मुलीभोवती तिच्या सोबतिणीला ज्वाळा दिसल्या, ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार, तोच मुलगी जळत नसल्याचे तिच्या ध्यानात आले. पुढे तेथे अन्य भाषाही बोलल्या गेल्या, आणि रमाबाईंनी त्यांचा धिक्कार केला नाही. परंतु ते आत्म्याच्या अनेक दानांपैकी एक दान आहे, ते प्रत्येकाला मिळालेच पाहिजे असे नाही, अशीच त्यांची भूमिका होती, आणि एब्राम्स यांनीही ते सर्वांना सक्तीचे मानले नाही. ‘मुक्तीत सिद्ध झाले’ म्हणणारे नेमके मुक्तीच्या प्रमुखांचे मत गाळतात.

या जागृतीच्या वर्षांतच, आणि पुढे 1922 मधील मृत्यूपर्यंत, रमाबाई हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणीत होत्या. अडाणी बाईलाही वाचून कळावे, ही त्यांची कसोटी होती. ते छापण्यासाठी केडगावच्या छापखान्यात छपाईचे खिळे जुळवायला बसल्या होत्या त्या आश्रमातल्याच बाया आणि मुली.