देव मानणारा शास्त्रज्ञ अर्धा कसा?

‘विज्ञानाने विश्वाचे कोडे सोडवत आणले आहे, त्यामुळे जगण्याचा अर्थ शोधण्यासाठी धर्माची गरज उरलेली नाही, धर्माने तर गॅलिलिओला जाळले, श्रद्धा आणि संशोधन एकत्र नांदूच शकत नाहीत, आणि जो शास्त्रज्ञ देव मानतो तो अर्धाच शास्त्रज्ञ होय’, अशा आशयाचा मजकूर आपल्याकडे वारंवार पुढे पाठवला जातो. त्यामागची बुवाबाजीविरुद्धची चीड मला मान्य आहे. युक्तिवाद मात्र जवळपास प्रत्येक पायरीवर निसटतो.

इतिहासाचा मुद्दा आधी हातावेगळा करू. गॅलिलिओला कोणी जाळले नाही. १६३३ च्या खटल्यात त्याला सूर्यकेंद्री मताचा त्याग करायला लावण्यात आला आणि १६४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो नजरकैदेत राहिला. जाळले ते इटालियन तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनोला, १६०० मध्ये, आणि त्याच्यावरील आरोपांत ख्रिस्ताचे देवत्व नाकारल्यासारखे धर्मशास्त्रीय आरोपही होते. यामुळे चर्चचा अपराध तसूभरही हलका होत नाही. पण विवेकाच्या नावाने लिहिणाऱ्याने निदान दोन माणसांची सरमिसळ तरी करू नये.

आता ‘अर्ध्या शास्त्रज्ञा’कडे वळू. १९७९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल शेल्डन ग्लाशो, अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग या तिघांना विभागून मिळाले. विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्रातील क्षीण बल ही एकाच मूळ बलाची दोन रूपे आहेत, हा सिद्धान्त वाइनबर्ग यांनी १९६७ मध्ये आणि सलाम यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे मांडला होता. सलाम नेमाने नमाज पढणारे, अहमदिया पंथाचे पाकिस्तानी मुसलमान, तर वाइनबर्ग उघड निरीश्वरवादी आणि धर्माचे कठोर टीकाकार. तरीही दोघांच्या हाती एकच सिद्धान्त लागला. त्याने वर्तवलेले डब्ल्यू आणि झेड हे कण १९८३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडले, तेव्हा कोणाचे गणित श्रद्धावानाचे आणि कोणाचे नास्तिकाचे, हे त्या यंत्राला विचारावे लागले नाही. श्रद्धेमुळे संशोधनात भेसळ होतेच, असा ज्यांचा दावा आहे त्यांनी सलाम यांच्या मांडणीत ती भेसळ नेमकी कुठे आहे, हे दाखवून द्यावे.

मजकुरातील सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा अर्थाचा आहे, आणि तिथे हीच जोडी अधिक बोलकी ठरते. नोबेलच्या मेजवानीत सलाम यांनी कुराणातील आयत उद्धृत केली. तिचा आशय असा की, रहमानच्या, म्हणजे दयाळू ईश्वराच्या, निर्मितीत तुला कोठेही उणीव आढळणार नाही. पुन्हा पाहा, नजर थकून माघारी येईल. पुढे ते म्हणाले की, वस्तुतः हीच सर्व भौतिकशास्त्रज्ञांची श्रद्धा आहे. वाइनबर्ग यांनी मात्र १९७७ मधील आपल्या पुस्तकाच्या अखेरीस लिहिले होते की, विश्व जसजसे अधिक आकलनीय वाटते तसतसे ते अधिक निष्प्रयोजनही वाटते. आणि लगेच पुढे, मानवी जीवनाला प्रहसनाच्या थोडे वर उचलणाऱ्या अगदी मोजक्या गोष्टींपैकी हे विश्व समजून घेण्याची धडपड ही एक आहे, असेही नोंदवले. म्हणजे निष्प्रयोजनता मान्य करूनही त्यांनी जगण्याला मोल दिलेच. पण हे मोल, किंवा सलाम यांचे ते विस्मयचकित होणे, यांपैकी काहीही समीकरणातून निघालेले नाही. समीकरण दोघांचे एकच होते. तेव्हा ‘विज्ञानाने अर्थाचा प्रश्न निकालात काढला’ हे विधान विज्ञानाचे नसून विधान करणाऱ्याचे आहे.

यावर सलाम यांच्याच देशाने त्यांचे काय केले, असे कोणी विचारील, आणि विचारावेच. १९७४ मध्ये पाकिस्तानने घटनादुरुस्तीने अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवले. त्याच्या निषेधार्थ सलाम यांनी सरकारी सल्लागारपद सोडले. पुढे पाकिस्तानातील रबवा या गावी असलेल्या त्यांच्या कबरीच्या दगडावरील ‘पहिले मुस्लिम नोबेल विजेते’ या मजकुरातून ‘मुस्लिम’ हा शब्द पुसून टाकण्यात आला. मात्र हा छळ भौतिकशास्त्रासाठी झालेला नाही. त्यांची श्रद्धा सत्तेला हव्या त्या साच्यातली नव्हती, म्हणून तो झाला. धर्माच्या हाती राजदंड आला की काय होते याचा हा पुरावा आहे, आणि तो भयंकर आहे. श्रद्धा व संशोधन एका माणसात नांदू शकत नाहीत, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

या सहअस्तित्वाला अट आहे, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. श्रद्धेच्या बळावर वस्तुस्थितीविषयी दावा केला की तो तपासला जाणारच. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या पत्रिका ओळखायच्या होत्या. २७ ज्योतिषांपैकी प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या आणि अचूकतेचे प्रमाण सुमारे ४६ टक्के निघाले, म्हणजे नाणे उडवले असते तरी चालले असते. अशा ठिकाणी समन्वयाची भाषा ही खरोखरच पळवाट आहे. सलाम यांनाही ही अट मान्य होती. इस्लामी विज्ञान किंवा हिंदू विज्ञान असे काही नसते, विज्ञान एकच आणि सार्वत्रिक असते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

वाइनबर्ग अखेरपर्यंत धर्माचे विरोधकच राहिले. तरीही विज्ञानाचे श्रेय सांगताना, बुद्धिमान माणसाला धार्मिक राहणे विज्ञानाने अशक्य केले नसले तरी धार्मिक न राहणे शक्य केले, एवढाच त्यांचा दावा होता. पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुराचा दावा त्याहून कितीतरी मोठा आहे, आणि त्याच्या पाठीशी मात्र एक चुकीचा इतिहास आहे.