मायक्रोनेअर म्हणजे मायक्रॉन नव्हे

काल रात्री यवतमाळहून मामांचा फोन आला. "यंदा कवडी वेगळी काढत नाही. तिचा माइक कमी येतो म्हणे, भाव चढून मिळेल." कवडी म्हणजे अर्धवट उमललेल्या, किडक्या बोंडांचा कापूस; माइक म्हणजे मायक्रोनेअर, कापसाच्या तपासणी रिपोर्टवरचा एक आकडा. मामांना हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मेसेजवरून कळलं. मेसेज सांगतो: मायक्रोनेअर म्हणजे तंतूची मायक्रॉनमधली जाडी. आकडा जितका कमी तितका कापूस बारीक आणि महाग, म्हणून बोंड पूर्ण फुटायची वाट पाहू नका. रिपोर्टवर लांबी 30 मिमी असेल तर सगळे तंतू 30 मिमीचेच. आखूड निघाले तर व्यापारी फसवतोय.

सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत मी रोज हेच आकडे पाहतो. हा मेसेज शेतकऱ्याचा माल खराब करणारा आहे.

कापसाच्या तंतूची रुंदी साधारण 12 ते 20 मायक्रॉन असते. माइकचा आकडा मात्र 4 च्या आसपास येतो, आणि 4 मायक्रॉनचा कापूस कुठल्याच शेतात पिकत नाही. माइक मोजताना ठरावीक वजनाची रुई डबीत दाबून तिच्यातून हवा सोडतात. तंतूंचा एकूण पृष्ठभाग जास्त असेल तर हवा जास्त अडते आणि आकडा खाली येतो. आता हा पृष्ठभाग वाढतो दोन कारणांनी. तंतू जातीनेच बारीक असतो, किंवा तो भरलेलाच नसतो. पक्व तंतूची भिंत सेल्युलोजने जाड झालेली असते. कच्चा तंतू चपट्या फितीसारखा आणि हलका, त्यामुळे तेवढ्याच वजनात असे तंतू जास्त मावतात. हवेला या दोहोंतला फरक कळत नाही. सूत काढताना मात्र कळतो: कच्च्या तंतूंच्या बारीक गुठळ्या होतात, त्यांना रंग नीट चढत नाही. गडद निळ्या कापडावर खसखशीएवढे पांढुरके ठिपके मी कितीदा पाहिलेत. तो सगळा कवडीचा आणि फरदडीचा, म्हणजे मुख्य वेचे संपल्यावर तीच झाडं ठेवून घेतलेल्या उशिराच्या कापसाचा, प्रताप.

सरकारी हमीभावाची प्रतवारीच बघा. 29.5 ते 30.5 मिमी लांब धाग्यासाठी माइक 3.5 ते 4.3 धरलाय. कमी तितकं चांगलं असतं, तर खाली 3.5 ची मर्यादा कशाला घातली असती?

सुविनसारख्या अतिलांब धाग्याच्या जातीचा माइक 3 च्या आसपास असतो आणि तिला भावही मिळतो, एवढं मान्य. पण ती जातच बारीक आहे, आणि तिचा तंतू पिकलेला असतो. आपल्या शेतातल्या संकरित कापसाचं बोंड अर्धवट उमललेलं तोडून त्याचा सुविन होत नाही.

लांबीचं थोडक्यात. रिपोर्टवरचे 30 मिमी म्हणजे वजनाने निम्मे भरणाऱ्या लांब तंतूंची सरासरी. शेजारी एकसारखेपणा, म्हणजे सगळ्या तंतूंची सरासरी या 30 च्या किती टक्के, 82 लिहिलेला असेल, तर सगळ्या तंतूंची सरासरी 24.6 मिमीच भरते. आखूड तंतू प्रत्येक बोंडात असतात. व्यापारी फसवत नाहीत असं मी म्हणत नाही, पण हा काही त्याचा पुरावा नव्हे.

मामांना सांगितलं: कवडी वेगळीच ठेवा, बोंड पूर्ण उमलू द्या, दव सुकल्यावर वेचा, आणि फरदडीचा माल पहिल्या वेच्यात मिसळू नका.