खुलासा : फिलिपिनो लोकांची स्पॅनिश आडनावं

गार्सिया, रेयेस, विल्यानुएवा अशी आडनावं असलेले सगळे फिलिपिनो लोक स्पॅनिश सैनिकांचे वंशज आहेत, असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. काही घराण्यांत स्पॅनिश पूर्वज आहेत, हे खरं. पण बहुतेकांकडे ही आडनावं रक्तातून आलेली नाहीत.

२१ नोव्हेंबर १८४९ रोजी फिलिपिन्सचे तेव्हाचे स्पॅनिश गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी एक हुकूम काढला. त्याआधी सख्ख्या भावंडांचीही आडनावं वेगळी असत, आणि 'दे ला क्रूझ' तर इतके, की करवसुलीत गोंधळ उडे. मग आडनावांचा अक्षरवार कोश छापून त्यातली नावं गावोगाव वाटली गेली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात म्हणूनच आजही 'आर'ने सुरू होणाऱ्या आडनावांची गर्दी आहे. वंशावळ काही अशी अक्षरवार लागत नाही! कोशात स्थानिक भाषांतले शब्दही होते. चार पिढ्यांपासून चालत आलेलं आडनाव मात्र ठेवायची मुभा होती.

हा कोश फिलिपिन्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १९७३ मध्ये पुन्हा छापला आहे. शंका असेल त्यांनी तो पाहावा. मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.