पुस्तक आईनं वाचायचं आणि बापानं फक्त बिल द्यायचं? त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडं फिरतोय, सोसायटीचा ग्रुप बघा, तालमीचा बघा, शाळेच्या पालकांचा बघा, तोच. मजकूर थोडक्यात असा की लहान पोरांना चित्रांची पुस्तकं दाखवत बसणं हे आईचं काम, बापाचा आवाज आणि स्वभाव त्याला जमत नाही, तीन वर्षांच्या आत पोरांना पुस्तकातलं काही कळत नाही, तीच गोष्ट मोबाईलवर जास्त भारी दिसते, चित्रं बघून पोरगं आळशी होतं म्हणून थेट अंकलिपी हातात द्या, आणि मराठीत तशी पुस्तकं मिळतातच कुठं. खाली "बालमानसशास्त्र सांगते" असं लिहिलंय. कुठलं, कुणाचं, ते काही नाही. एकेक घेऊ.

"बाळाला आईचाच आवाज लागतो." ह्यात चिमूटभर खरं आहे म्हणूनच ते पटकन पटतं. 1980 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, तीन दिवसांच्या आतली बाळं चोखणी चोखायचा वेग बदलून आईचा आवाज "मागून" घेतात, दुसऱ्या बाईचा नको म्हणतात, असं त्यात दिसलं. साहजिकच आहे, पोटात असल्यापासून तो आवाज ऐकलेला. पण ही गोष्ट जन्मल्या-जन्मल्याची झाली, पुढं दीड-दोन वर्षांचं पोरगं दारात बापाच्या गाडीचा आवाज ओळखून पळत येतं त्याचं काय? आवाज ऐकून ऐकून ओळखीचा होतो, आणि बाप बोललाच नाही तर तो ओळखीचा होणार कसा. उलट बाजूचाही एक फॉरवर्ड आहे बरं का, बापानं वाचलं की आईनं वाचल्यापेक्षा पोरगं जास्त हुशार होतं म्हणून, त्याच्याही नादाला लागू नका, नवरा-बायकोत ही काय कुस्ती लावायची गोष्ट आहे का. आणि कोल्हापुरात बसून "शिकवणं बापाचं काम नाही" म्हणायचं म्हणजे कमालच, शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला होता, आणि तेव्हाचा पालक म्हणजे बापच की.

"तीन वर्षांच्या आत काही कळत नाही." साफ चूक. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 साली स्पष्ट सांगितलं की पोरांना वाचून दाखवणं जन्मापासूनच सुरू करा, आणि 2024 ला तेच परत सांगितलं. सहा महिन्यांचं बाळ पुस्तक चावणार, फाडणार, उलटं धरणार, ते त्याचं वाचनच आहे, म्हणून तर जाड पुठ्ठ्याची पुस्तकं काढतात. कळणं म्हणजे कथा सांगता येणं एवढंच धरलं तर मग अवघड आहे.

आता मोबाईलचा मुद्दा, ह्यावर जरा थांबतो कारण घराघरात हाच चालतो. 2010 साली निघालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वर्ष ते दीड वर्षाच्या बाळांना महिनाभर शब्द शिकवणारी डीव्हीडी दाखवली, आणि दुसऱ्या काही घरात आईबापांना सांगितलं की डीव्हीडी नको, हेच शब्द तुम्ही रोजच्या बोलण्यात शिकवा. डीव्हीडी बघणाऱ्या बाळांना काहीच न दाखवलेल्या बाळांपेक्षा जास्त शब्द आले नाहीत, सगळ्यात जास्त आले ते आईबाप बोलले त्या बाळांना. जागतिक आरोग्य संघटनेचं 2019 चं म्हणणं असं की वर्षाच्या आत स्क्रीन नकोच, दोन वर्षांच्या पोराला तासाच्या वर नको, आणि बसल्या वेळात वाचून दाखवा, गोष्टी सांगा. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2021 मध्ये तर दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच म्हटलंय. कारण सोपं आहे, व्हिडिओ पोरासाठी थांबत नाही. आमच्या लेकीचं एक पुस्तक आहे, त्यात बाजाराचं पान आहे, मजकूर भाजीवाल्या आजीबद्दल, मी आपला आजीचं वाचतोय आणि हिचं बोट कोपऱ्यातल्या म्हशीवर. "बाबा, गंगावेस!" म्हणाली. गंगावेशीत समोर धार काढून दूध देतात ते तिनं बघितलंय. मग आजी राहिली बाजूला, म्हशीचं नाव काय, तिचं रेडकू कुठाय, ती बाजारात कशाला आली, दूध विकायला का भाजी घ्यायला, ह्यावरच चर्चा. कुठला व्हिडिओ ह्यासाठी थांबला असता सांगा.

आणि हे असं भरकटणं म्हणजे वेळ घालवणं नाही. 1988 साली ह्याच पद्धतीवर एक अभ्यास निघाला, दोन-तीन वर्षांच्या पोरांच्या आईबापांना सांगितलं की नुसतं वाचू नका, "हे काय चाललंय?" असं विचारा, पोरगं एक शब्द बोललं तर त्यात दोन घालून परत द्या. महिन्याभरात ती पोरं बोलण्यात पुढं गेलेली दिसली. पोरगं म्हणालं "म्हैस", तुम्ही म्हणा "व्हय, काळी म्हैस, चिखलात बसलीय". एवढंच. ह्याला डिग्री लागत नाही, आणि खरं सांगायचं तर अक्षर येणंसुद्धा लागत नाही. ज्याची शाळा सातवीत सुटली आणि जो आज उद्यमनगरात लेथवर उभा आहे तोही चित्र बघून पोराशी बोलू शकतो. पुस्तकी मराठी जड वाटत असेल तर घरची वापरा की. पुस्तकात "कासव सावकाश चालत होते" असेल तर "कासव आपलं निवांत चाललंय बघ" म्हणा, कोण परीक्षा घेतंय.

"चित्रं बघून पोरगं आळशी होतं, अंकलिपी द्या." आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर ह्या चित्रकारांच्या गावात, ज्याला आपणच छाती फुगवून कलापूर म्हणतो, चित्र बघणं म्हणजे आळस म्हणायला धाडस लागतं. अंकलिपी वाईट नाही, पण तिचं काम वेगळं, ग गणपतीचा झाला की विषय संपला. गोष्टीत पुढं काय होणार हे असतं. तेच तेच पुस्तक परत वाच म्हणून पोरं पिडतात त्याचंही टेन्शन घेऊ नका, ससेक्स विद्यापीठातल्या 2011 च्या अभ्यासात तीन वर्षांच्या पोरांना वेगवेगळ्या गोष्टींपेक्षा त्याच गोष्टी परत परत वाचल्यावर नवे शब्द जास्त आले.

मेसेजमध्ये पुस्तकाच्या निवडीबद्दल एक अक्षर नाही, आणि माझ्या मते बाप तिथंच सगळ्यात जास्त गायब असतो. आई यादी देणार, हा दुकानात स्कूटरवरूनच "द्या दोन-तीन" म्हणणार. तसं नको. आत जा, एक पान मोठ्यानं वाचून बघा, लाज वाटली तर हळू वाचा, पण जीभ अडखळली तर ते भाषांतर कच्चं आहे, ठेवून द्या. चित्रात असं काहीतरी आहे का बघा जे मजकुरात लिहिलेलं नाही, तिथंच पोरगं बोलतं. शेवटी "म्हणून मुलांनो" असेल तर माझ्याकडून तरी बाद. पुस्तकातला बाबा फक्त पेपर वाचत बसलाय का तेही बघा, लई पुस्तकांत तो तसाच असतो. मग दोन-तीन पोरापुढं ठेवा आणि शेवटची निवड त्याला करू द्या.

"मराठीत मिळतच नाहीत, आणि महाग." ज्योत्स्ना प्रकाशनाची बघा. चेन्नईचं तूलिका प्रकाशन मराठीतही पुस्तकं काढतं. 1957 पासूनच्या नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका आहे, त्यातली कितीतरी पुस्तकं एका मिसळीच्या पैशात येतात. तेही जड जात असेल तर प्रथम बुक्सची 2015 पासून चालू असलेली स्टोरीवीव्हर ही वेबसाइट आहे, मराठीतल्या शेकड्यानं गोष्टी फुकट, प्रिंट काढायची परवानगी सकट. झेरॉक्सवाल्याकडं रंगीत प्रिंट मारा, मधोमध स्टेपल करा, आणि फाटलं की दुसरं काढा.